पत्र्याचं नख

बोटावरचं नख चुकलंय, लिहिलं कुणीतरी,
माणसाचं वाटत नाही.

मी टॅब पालथा ठेवला.
याला काय माहीत अशोक चौकातली दुपार,
सुपातली तेंदूची पानं,
अम्माच्या बोटावर चढवलेलं पत्र्याचं नख,
रोज हजार विड्यांची तोंडं मुडपणारं?

उत्तर टाइप केलं, चांगलं तिखट.
पाठवण्याआधी अम्माला चित्र दाखवलं.
पान कातरता कातरता ती म्हणाली,
"श्रीलता, हे बोट सुजलंय का गं माझं?"

उत्तर खोडलं.
ट्यूबलाइटखाली तिचा हात धरून बसले,
पत्र्यावर उजेड कसा सरकतो बघत.
"सोड," ती म्हणाली, "अजून दोनशे राहिल्यात."

रात्री त्या अनोळख्याला एवढंच लिहिलं:
नख बरोबर आहे.
पत्रा चुकला होता.