रंग सुटतो का

वडील रंगारी होते, राजमल्लू येमुल,
पूर्व भागात, कन्ना चौकाच्या मागे.
चादर वाळली की तिचा कोपरा ओला करून
स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर घासायचे.
धोतर लाल झालं तर मालकाला तोंडावर सांगायचे,
"ही पाठवायची नाही."
मालकाला ते आवडायचं नाही.
आईलाही नाही. धोतर तिला धुवावं लागायचं.

मी ज्ञानकोशात लिहिते.
पगार नाही, नाव नाही,
रात्री जेवणं उरकल्यावर, कूलरच्या घरघरीत.
सहा वर्षांपूर्वी एका नोंदीत टाकलं होतं:
'रंगनाथ मिलचा भोंगा त्रेसष्ट साली कायमचा बंद झाला
आणि पेठेतली घड्याळं पोरकी झाली.'
साल आईचं. घड्याळं माझी.

कुणीतरी पुढे बारीक अक्षरात लावून गेलं,
संदर्भ हवा.
राग आला.
संदर्भ? बसलाय की स्वयंपाकघरात,
शेंगा फोडतोय. या, विचारा.

तरी शोधत गेले.
मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मिळाली,
निम्मी जाहिरातींची, उरलेली अध्यक्षांच्या हारांची.
ती सतराव्या पानावर म्हणते चौसष्ट
आणि विसाव्यावर एकसष्ट.
चाळीतले व्यंकप्पा म्हणाले, "युद्धाच्या वर्षी."
"कुठल्या?"
"युद्धाच्या."

मग एका रविवारी वर्तमानपत्रात चार रकाने,
नावाआधी प्राध्यापक, शेजारी फोटो:
'जाणकार सांगतात, भोंगा त्रेसष्ट साली कायमचा बंद झाला
आणि पेठेतली घड्याळं पोरकी झाली.'
जाणकार लाटणं हातात घेऊन वाचत उभी होती.

आठवड्याभरात कुणा भल्या माणसानं
तो लेख माझ्या वाक्याच्या शेपटीला बांधला.
'संदर्भ हवा' गेलं,
तिथं कंसात निळा एक आकडा.
माझीच वरात माझ्या दारात आलेली
आणि औक्षणही मीच करायचं.
सगळ्यात वाईट म्हणजे
ते वाक्य मलाही खरं वाटायला लागलं.

कारखाने निरीक्षकाच्या कचेरीत
चिप्पाबाई दोन दिवस "साहेब नाहीत" म्हणाल्या.
तिसऱ्या दिवशी त्यांनीच रजिस्टर काढलं,
फडक्यानं पुसलं, खिडकीशी ठेवलं.
कुणा देसकरांचं कंटाळलेलं अक्षर:
'बॉयलर थंड. भोंगा उतरवून गोदामात.
२ सप्टेंबर १९६५.'
खाली सही, शाईचा एक ठिपका.
मी बोट ओलं करून घासणारच होते.
देसकरांना कुणाला काही पटवायचं नव्हतं,
म्हणून मला पटलं.
(व्यंकप्पा, चुकले.)

पण रजिस्टर छापलेलं नाही.
कुणी पारखून, आपलं नाव लावून
बाहेर काढलेलं नाही.
मला कळलं ते मला लिहिता येत नाही.
हा नियम इतर वेळी मीच नव्या पोरांना समजावते.

रात्री आईला विचारलं.
"त्रेसष्टच की. तुझा अण्णा मांडीवर होता,
भोंगा वाजंना म्हणून झोपंना."
"पण त्रेसष्ट कशावरून?"
"शाळेच्या दाखल्यावर हाय की अण्णाचं साल."

दाखला.
पोरगं पहिलीत लवकर बसावं म्हणून
गुरुजींनी दोन वर्षं वाढवून दिलेला.
ही गोष्ट आईनंच सांगितली होती,
हसत, दहा वेळा तरी.
मांडी खरी होती. रडणं खरं होतं.
शिक्का मारलेला कागद तेवढा खोटा.

वाक्य काढलं, घड्याळांसकट.
निळा आकडाही काढला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
'हे वाक्य माझं. लेखही यावरूनच. दोन्हीला आधार नाही.'

"काय लिहलालीस एवढ्या रात्री?"
"खोडतेय."
"मग आता तिथं काय?"
"काही नाही."
"काहीच नाही?"
आईनं एक शेंग फोडली,
आत दाणा नव्हता.
टरफल टरफलांत टाकलं
आणि दुसरी घेतली.