चौदावी खुर्ची

बाराच लागणार होत्या, पण खुर्च्या मांडल्या चौदा.
जास्तीच्या दोन कुणाच्या, हे मार्क्वेटच्या कोर्टात
अखेरच्या दिवसापर्यंत सांगत नाहीत.
सांगितलं, तर माणूस ऐकायचं सोडून देतो.

मी ऐकलं. अकरा दिवस.
शाळेची बस बदली ड्रायव्हरच्या हवाली केली
आणि लोकरीचे दोन-दोन मोजे घालून बसले,
कारण रेडिएटर तापायचा
तो फक्त न्यायाधीशांच्या बाजूचा.

रॉइस पेल्की, वय बावीस. कोट उसना,
मनगटं बाहीबाहेर आलेली.
मनगटांकडे बघू नये असं कुणी बजावलं नव्हतं,
तरी मी बघायचं टाळलं.
समोर टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत
म्हाताऱ्या लाहतीचा चष्मा,
एक काच वितळून डोळ्यासारखी ओघळलेली.
त्याची मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची,
रोज तोच हिरवा स्कार्फ.
वकील बोलायला उठला की ती स्कार्फची गाठ सोडायची,
बसला की पुन्हा बांधायची.

सातव्या दिवशी डोरीन टुसिन्यां शपथेवर म्हणाली,
रात्री दोनला ओसरीवर उभी होते,
बोटहाउसकडून पेट्रोलचा वास आला,
आणि हा मुलगा पळताना दिसला.
दिसला, हे अंधारात. वास आला, हे नक्की.

आमच्याकडे ज्युरीला प्रश्न विचारता येतो,
चिठ्ठीवर लिहून, सही न करता.
मी लिहिलं: त्या रात्री वारा सरोवराकडून होता
की जमिनीकडून?
नोव्हेंबरात वारा फिरतो, हे बस चालवणाऱ्याला कळतं.
जमिनीचा असेल, तर वास पाण्यावर जातो,
ओसरीवर नाही.

न्यायाधीशांनी वाचलं. वकिलांना जवळ बोलावलं.
आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून
खरखर करणारं यंत्र लावलं.
अगदी पावसासारखा आवाज, फक्त कोरडा.
यंत्र थांबलं.
माझी चिठ्ठी कुठल्याशा फाइलीत गेली.
साक्षीदार, तुम्ही जाऊ शकता.

आणि अकराव्या दिवशी, सगळं बोलून झाल्यावर,
व्हर्ना कारकुनीणबाईंनी लाकडी पेटी फिरवली.
कडी कुरकुरली.
पहिला आकडा पाच. नळ दुरुस्त करणारा माणूस,
टोपी उचलून जवळजवळ पळालाच.
दुसरा आकडा चौदा.

आभार मानले. चेक पोस्टाने येईल म्हणाले.
निकाल लागेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही म्हणाले.
बारा जण आतल्या दारातून गेले,
नवव्या नंबरने मागे वळून पाहिलं,
त्यालाही वाऱ्याचं सुचलं असेल का,
की माझा चष्मा बाकावर राहिला होता म्हणून?

घरी आर्वोने विचारलं, काय झालं?
मी म्हटलं, सांगता येत नाही.
मग बटाटे सोलले. दोघांच्या मानाने फार सोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.
दोषी. साडेतीन तास लागले.
आता तुम्ही मोकळेपणाने बोलू शकता, व्हर्ना म्हणाली,
आणि मला एकही वाक्य आठवेना.

खरं सांगते, वारा सरोवराकडून होता असं कळलं असतं,
तर माझाही हात वर गेला असता.
तो हिरवा स्कार्फ बघून नाही. वाऱ्यावरून.
तेवढंच तर विचारलं होतं.

आता पुन्हा बस माझ्याकडे आहे.
सव्वासातला टुसिन्यांच्या कोपऱ्यावर थांबते,
दोन मुलं चढतात, एक नेहमी उशिरा.
ओसरीवर दिवा असतो, ती नसते.
मी दार उघडं ठेवते, उगाच, थोडं जास्त,
आणि गालावर कुठून लागतंय ते बघते.
रोज वेगळं असतं.

मागून कुणीतरी ओरडतं,
लेम्पीबाई, दार लावा ना,
गारठून चाललोय आम्ही.