साधी वीण

दुपारी दोन दहाला ड्राइव्ह बसते.
रोज. मे लागल्यापासून रोज.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलची शेड,
चोवीस माग एकदम गप्प होतात
आणि सगळे माझ्याकडे बघतात.

पडद्यावर एकच कोड: तापमान जास्त.
बाहेर चव्वेचाळीस. पत्र्याखाली किती, ते विचारू नका.
सादूलशेठ म्हणाले, कूलर लावा की पॅनेलसमोर.
म्हटलं, ओला वारा माणसाला चालतो,
विजेला नाही.
साधा पंखा लावला तर तूस आत जाते,
फटीफटीत बसते, तिची गादी होते.
अख्ख्या मुलखाला चादरी पुरवणाऱ्या गावात
ड्राइव्हनेही एक पांघरली,
तिचं काय चुकलं?

म्हणून पॅनेल हवाबंद केलं
आणि आतली धग बाहेर काढायला आणल्या
आठ तांब्याच्या नळ्या,
बोटाएवढ्या जाड, हातभर लांब, दोन्ही तोंडं मिटलेली.
आत चमचाभर पाणी.
हवा काढून घेतलेली,
म्हणून ते चाळिसालाच उकळायला लागतं.

"पाणी? करंटच्या डब्यात पाणी घालायलीस व्हय?"
कांड्या भरणाऱ्या बालामणी दुडम,
डोक्यावर ओला पदर.

उकळणारं पाणी आणखी तापत नाही, मावशी.
खाली कितीही जाळ घाला, आकडा हलत नाही.
सगळी आग निघून जाण्यात खर्च होते.
(शाळेत ह्याला अप्रकट उष्मा म्हणायचे.
मला वाटायचं, बाई कुणाचा तरी स्वभाव सांगतायत.)
वाफ वरच्या टोकाला जाते,
तिथे आपलं ओझं उतरवते, पुन्हा पाणी होते,
आणि वातीतून खाली येते. पंप नाही, मोटर नाही.

"माठाला ओलं गोणपाट गुंडाळतो, तसं."
तसंच. फक्त माठ रोज भरावा लागतो.
इथे तेच पाणी, जन्मभर.
"गेलेलं परत येतंय म्हण की."
तिचा थोरला भिवंडीला आहे, नऊ वर्षं झाली.
ती पुढे काही बोलली नाही, मीही नाही.

नळी तपासायची सोपी रीत:
एक टोक गरम चहात बुडवायचं,
दुसरं चिमटीत धरायचं.
एक, दोन,
सोडावंच लागतं.
सहा नळ्यांनी बोटं पोळली.
सातवी धरून बसले,
कपातला चहा निवला, साय आली,
वरचं टोक तसंच, मुकं.
आठवी पुन्हा पोळली.

सातवी करवतीने कापली. पाणी नव्हतं.
आत गुंडाळलेली तांब्याची जाळी, केसाएवढी बारीक.
बालामणीने चष्मा पुसला,
जाळी उलगडली, उजेडाकडे धरली,
नखाने मोजत गेली, ओठ हलवत, तेलुगूत.

"साधी वीण हाय.
एक वर, एक खाली. टॉवेलच की हा.
आणि हितं बघ, हितं एक तार सुटलीय."

नळी त्यानेच मेली का, मला माहीत नाही.
कंपनीला तसं लिहिणारही नाही,
त्यांचं उत्तर मला आधीच पाठ आहे.

सात नळ्या बसवल्या, वरच्या बाजूला चढ देऊन.
आठव्या भोकाला बूच मारलं.
दोन दहा झाले.
दोन बारा.
कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.
बालामणीने जाळीचा तुकडा
तंबाखूच्या डबीत घडी घालून ठेवला.

दोन वीसला मी बाहेर येऊन
नळीच्या वरच्या टोकाला बोट लावलं
आणि चटकन काढलं.