शेवटी उकडलं असेल

चार हजार मीटरवर पाणी लवकर उकळतं
आणि बटाटे मात्र शिजता शिजत नाहीत,
हे मला पहिल्याच रात्री कळलं.
मी खालच्या सांताक्रूझची, दारात आंबा असलेल्या घरातली.
आरोग्यकेंद्रात एक वर्षाची नेमणूक,
एक थर्मामीटर, तीन घोंगड्या.

इथे उन्हात बसलं की एक गाल भाजतो
आणि त्याच वेळी सावलीकडचा कान बधिर.
बोटांतलं रक्त कधी उठून गेलं
ते सुई हातातून पडल्यावर समजतं.

जूनमध्ये सातुर्निना माळावर बटाटे पसरते.
रात्री ते गोठतात, दिवसा मऊ पडतात,
पहाटे ती अनवाणी त्यांच्यावर चालते,
टाचेने एकेकातलं पाणी काढत.
मी तिच्या पावलाला हात लावून पाहिला:
कोमट, विझल्या चुलीच्या कडेसारखं.
"पायांना कळतं," ती म्हणाली,
"दार कधी लावायचं, कधी किलकिलं करायचं."

मग चालता चालताच तिने विचारलं.
एउस्ताकियो, तिचा धाकटा,
गेल्या ऑगस्टात खिंडीपलीकडे लामा आणायला गेला.
सापडला तेव्हा टोपी वाटेत,
पोंचो दहा पावलं पुढे, सदरा झुडपावर.
गाव म्हणालं, डोंगराने वेड लावलं.
कुणी म्हणालं, लुटला.
"पण लामा तर सगळे होते, मोजून सतरा."

मी सांगितलं, जेवढं मला ठाऊक होतं तेवढं.
की थंडीत शरीर कातडीच्या शिरा आवळून धरतं,
हातपाय गेले तरी चालतील, काळीज राहू दे,
असा त्याचा हिशेब.
हुडहुडी भरते. मग तीही थांबते.
आणि धरून धरून मूठच दमते,
सुटते,
आतलं सगळं रक्त एकदम कातडीकडे धावतं.
असं म्हणतात. पुरतं कुणालाच माहीत नाही.

"म्हणजे?"
"म्हणजे शेवटी त्याला उकडलं असेल."

ती थांबली नाही. टाचेखाली एक बटाटा
पचकन पाणी सोडून चपटा झाला.
दुसरा. तिसरा.
ओळीच्या टोकाला जाऊन ती वळली.

"लहानपणीही पांघरूण लाथाडायचा," म्हणाली,
"रात्रीतून चारदा उठायचे मी."

आणि माझे निळे पडलेले हात
न विचारता ओढून
तिने आपल्या काखेत धरले,
जिथे मी लोकांना थर्मामीटर लावते.