शिंकेजची पट्टी

खोक्यात खोकं, त्यात फोम, फोमात कापून काढलेली
माणसाच्या आकाराची पोकळी.
साचा उघडल्यावर वाळूत उरते, तशीच.
उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी असल्याच पोकळ्या केल्या,
पंपाचं बूड, व्हॉल्व्हचं तोंड, ट्रॅक्टरची कसलीशी कानपट्टी.
ही मात्र समुद्रापलीकडून आली,
चेन्नईच्या कस्टमनं उघडली, वाकडी टेप लावून चिकटवली,
आणि कुरिअरच्या पोरानं जिन्यातूनच ओरडून विचारलं,
"काका, नातवाला काय?"
मी म्हटलं, हो.
नातू नाही मला. सही केली.

अडतीस हजार. घरात आठ सांगितलेत.
शैलजा म्हणाली, आठ? बाहुलीला?
आणि ज्या नजरेनं बघितलं, तिच्यात उरलेले तीसही होते.

नायक नकोच होता मला. नायक सगळ्यांकडे आहे.
निपाणीच्या इम्तियाज बागवानकडे तर तीन,
वखारीच्या माडीवर, तंबाखूच्या वासापासून जपून, काचेआड.
गोकाकचे डॉक्टर हुक्केरी दातांच्या हत्यारांशेजारी ठेवतात.
रविवारी दवाखाना बंद करून आम्ही तिथं जमतो,
चष्मे कपाळावर ढकलून
दाताच्या आरशानं बघतो हनुवटीखालची रंगाची कड.
अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत, भांडण मात्र एकच:
कोट खऱ्या कातड्याचा की रेक्झिनचा.

मला हवा होता तो होडीवाला.
सिनेमात चार मिनिटं. नायकाला पैलतीरी सोडतो,
पैसे घेत नाही, चहाचा कप तेवढा मागून घेतो परत.
नाव नाही त्याला. श्रेयनामावलीतसुद्धा नुसताच होडीवाला.
अकरा वर्षं वाट बघितली, कंपनी कधी काढते म्हणून.

काढला. एक फूट उंच. कानामागं बोट फिरवलं,
जोडाची रेघ शोधायची खोड.
दोन अर्धे कुठं मिळालेत ते कळल्याशिवाय
मला कुठलीच वस्तू पुरी वाटत नाही.
सापडली नाही. त्या कारागिराला, कुठला का असेना,
मनातल्या मनात रामराम केला.

मग हात मोजले. हात बदलता येतात यांचे.
मूठ, वल्ह्याची पकड, दाखवणारं बोट...
सात लिहिलेत खोक्यावर. सहा निघाले.
कप होता. कप धरायचा हात नव्हता.

कंपनीचं उत्तर आलं, दिलगीर आहोत.
इम्तियाज म्हणाला, परत पाठव की.
परत कसला पाठवतोय. अकरा वर्षं.

शिवणीचा एक तुकडा घेतला, बोटाच्या पेराएवढा,
आणि डोळ्यांपुढं हात आणायला गेलो, तर आला
तो बडिगेर मिस्त्रींचा.
कप खालून धरायचे, कानाला न शिवता,
चहा निवेपर्यंत पॅटर्नकडे बघत बसायचे.
मराठी त्यांना येत होती, मला कन्नड येत नव्हतं,
तरी रंधा शिकवला कन्नडातच.
लाकडाला तीच कळते म्हणायचे, आणि हसायचे.

नऊ रात्री कोरला. नखं, अंगठ्याचं मधलं हाड,
तर्जनीचा कापलेला शेंडा –
थांबलो तिथं. होडीवाल्याचं बोट कापलेलं नव्हतं.
सिनेमा परत लावून बघितला. नव्हतं.
तरी तसंच ठेवलं.

बसवायला गेलो, तर मनगटात खुंटी अडकली, केसाएवढी.
मोजली. शंभरात एक जास्त.
सवयीनं शिंकेजची पट्टी घेतली होती मी.
बिडाचा रस निवताना आकसतो,
म्हणून जिच्यावरचा इंच इंचापेक्षा मोठा असतो, ती;
पहिल्या दिवशी मिस्त्रींनी हातात दिलेली, स्टीलची.
लाकडाचा हात. ओतायचा नाही, निवायचा नाही,
आकसून आकसून तो काय आकसणार.

खुंटीवर कानशीचे दोन फटके मारले.
पंजाला हात लावला नाही.

रविवारी डॉक्टरांनी आरसा धरला, बराच वेळ धरला,
मग विचारलं, "इदु यार कै?"
मी कपाकडे बोट दाखवलं.
म्हटलं, थांबा जरा. चहा निवूलाय त्याचा.