सात पॉइंट दोन

गावाचं नाव वाचताना कीगली, बोलताना कीथली.
जानेवारी. सकाळचे सव्वासहा.
स्वस्त दराची वीज सातला संपते, म्हणून
एवढ्या काळोखात मी मॉरीन सग्डेनबाईंच्या दारात,
एका हातात बॅग, दुसरा हात खिशात.

"आत या, पण कोट काढू नका," बाई म्हणाल्या.
"तीन वर्षं झाली, हा हीटर म्हातारा झालाय.
रात्रभर वीज खातो
आणि दुपारी चारला हात लावावा
तर कालची राख."

हीटर म्हणजे भिंतीला टेकलेली पेटी, आत विटा.
रात्री तापायचं, दिवसा द्यायचं, एवढंच काम.
पाटीवर लिहिलेलं: दोन हजार पाचशे पन्नास वॉट.
पाटी खोटं बोलत नाही,
पण ती बोलते जन्मदिवसाचं.

झाकण काढलं. मीटर लावला.
दाब दोनशे छत्तीस व्होल्ट. ठीक.
मग एका वायरीभोवती चिमटा.
धारा सात पॉइंट दोन अँपिअर.
फक्त.

इचलकरंजीच्या आयटीआयत, दुसऱ्या बाकावर,
बाहेर यंत्रमागांची खटखट,
पट्टणकुडे सर फळ्यावर त्रिकोण काढायचे:
वर व्ही, खाली आय नि आर शेजारी-शेजारी.
"जे हवंय ते अंगठ्यानं झाका,
उरलेली दोघं सांगत्यात.
रोध कुणाला दिसत नाही, लेकांनो.
किती रेटलं आणि किती पुढं सरकलं,
यावरनं तो वळखायचा."

तर दोनशे छत्तीस गुणिले सात पॉइंट दोन:
सतराशेला एक वॉट कमी.
भागिले: बत्तीस पॉइंट आठ ओहम.
पाटीच्या हिशेबानं हवा होता बावीसच्या आसपास.
रोध वाढलाय.

बाईंना सांगायला गेलो आणि अडखळलो.
आत तीन तारा आहेत, म्हटलं, शेजारी-शेजारी,
प्रत्येकीचा आपापला साडेआठशे वॉटचा वाटा.
एक तुटलीय.
"मग उरलेल्या दोघी जास्त ओढत नाहीत?"
नाही. आधी जेवढं ओढायच्या तेवढंच.
एक वाट बंद झाली, की सगळ्या पेटीचा रोध वाढतो.
तिचा वाटा कुणी उचलत नाही.
तो नुसता कमी पडतो.

बाई खिडकीकडे बघत होत्या. बाहेर अजून काहीच दिसत नव्हतं.
"तीन वर्षं," त्या म्हणाल्या, "म्हणजे क्लिफ गेल्यापासून.
मला वाटलं, घरच गार झालं.
माणूस गेलं की होतं असं,
चर्चमध्येही सगळ्या तेच म्हणाल्या."

मी म्हटलं, थोडं हीटरचंही आहे.

हसल्या, अगदी मोठ्यानं, खोकला येईस्तोवर.
मग केटल लावली,
आणि माझ्या डोक्यात आपोआप:
साडेबारा अँपिअर, तीन किलोवॉटला थोडं कमी.
ही सवय जात नाही.
नवी तार गुरुवारी मिळेल, म्हणालो.
तोवर सतराशेवर भागवा.
"भागवलंच आहे की," म्हणाल्या.

चहात दोन चमचे साखर, न विचारता.
मी घेत नाही साखर. घेतली.

सात वाजले. पेटीमागे टक्क वाजलं
आणि मीटरवरचे दोन्ही आकडे पडले.
दाब शून्य. धारा शून्य.
अंगठा ठेवायला जागाच नाही.
शून्य भागिले शून्य आलं,
की पट्टणकुडे सर काही बोलायचे नाहीत,
फळा पुसायचे.