कच्चा माल

स्पर्धेसाठी डर्व्हलाने आधी मेणबत्त्या ठरवल्या.
त्या सगळ्या वर्गानेच ठरवल्या होत्या.

मग आठवली शेडमधली लोकर.
कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही म्हणून
बाप तीन वर्षं नुसती पोत्यांत कोंबत आलेला.
तिने ती धुतली, पिंजली, थापली,
रोपांभोवती घालायच्या चकत्या केल्या.
गोगलगायी म्हणे लोकरीवरून जात नाहीत.

परीक्षक बाईंनी विचारलं,
"कच्च्या मालाचा खर्च?"
"शून्य," ती म्हणाली
आणि तेवढ्यात
दारात बाप दिसला,
बुटांवर मेयोचा ओला चिखल.

तो रांगेत शिरला.
एक चकती उचलून हुंगली,
जणू कुठली मेंढी ते ओळखतोय.
दोन युरो ठेवले. गेला.

रात्री हिशेबात तिने शून्य खोडलं.
तिथे काय लिहायचं,
ते मात्र सुचेना.